सोड्यात भिजवलेलं कव्हर

विश्रामबाग, सांगली
१७ फेब्रुवारी २०२४

ती. आक्का यांस,
धाकट्या सूरजचा शि. सा. न. वि. वि.

सहा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाची पायरी चढलो. आंतरदेशीय पत्र शोधायलाच तिथल्या बाईंना दहा मिनिटं लागली. बाळीला तेल लावायला म्हणून महिनाभराच्या बोलीवर आलेली तू, रविवारी कुणाला न सांगता म्हसवडच्या एस.टी.त बसलीस. तुझी भावजय प्रांजल त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

गाडीच्या कव्हरावरून मी तुला पार्किंगमध्ये बोललो, ते चुकलं. कव्हर माझ्या सासऱ्यांनी, लालासाहेबांनी, दिवाळीला हौसेनं दिलेलं. तू धुऊन वाळत घातलेलं त्यांनी पाहिलं, आणि आतला पाणी अडवणारा लेप पापुद्र्यांनी सुटलेला दिसला. हे कसं झालं, असं त्यांनी विचारलं. त्यावर खेड्यातल्या माणसांना वस्तूची किंमत नसते, असं मी चार शेजाऱ्यांसमोर म्हणालो. सख्ख्या बहिणीला.

१० मार्चला बाळीचं बारसं आहे. आत्याशिवाय तिच्या कानात नाव कोण सांगणार? राग सोड आणि ये.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, सूरज


म्हसवड, जि. सातारा
२२ फेब्रुवारी

चि. सूरज यास, आक्काचे अ. उ. आशीर्वाद.

मी सांगतीया आन् सून अपेक्षा लिवतीया. तुजं पत्र पोचलं. चूक माजीच हाय. तू हळदीच्या अडतीत कामाला, गाडी दिसभर तिथंच उभी, कव्हर पार पिवळं झाल्यालं. प्रांजलला बाळंतपणातनं उठून काम लय पडतंय, म्हनलं तेवढाच हातभार. आमी दसऱ्याला जुन्या लुगड्यांच्या वाकळा धुतो तसंच धुवावं म्हणून घमेल्यात सोडा कालवला. धोपाटणं न्हाई मिळालं, तवा तुजी जुनी बॅट घेतली. हळदीला सोडा लागला आन् कापड लालभडक झालं, तसंच वाळत घातलं.

लाज लय वाटली बाबा. बारशाला मी येत न्हाई. माजा मान प्रांजलच्या भनीला दे. तिथं येऊन आनि कशाला हात लावून बसायची. हितंबी मी आता सुनंच्या धुण्याच्या मशिनीजवळ जात न्हाई. तसलं कापड कसं धुत्यात ते तेवढं कळव, म्हंजे पुन्यांदा चुकायचं न्हाई.

पोरीची काळजी घे. आमच्यावर असाच जीव असू दे.
तुजी, आक्का

मामा, आई तिकडून आल्यापासून नीट जेवत नाहीत. हे त्यांना न विचारता लिहिते आहे. — अपेक्षा


सांगली
२७ फेब्रुवारी

ती. आक्का यांस, शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून आधी तेच लिहितो. धूळ कोरडी असतानाच मऊ ब्रशनं झटकायची. मग थंड पाणी, सौम्य साबण आणि हलका हात. आपटायचं नाही, पिळायचं नाही. साबण पुरता निघेपर्यंत पाणी घालायचं आणि दोन्ही बाजू वाळल्याशिवाय घडी करायची नाही. गरम पाणी आणि मशीन अजिबात नको. हे सगळं कव्हराच्या आत शिवलेल्या पट्टीवर छापलेलं आहे. ती मी काल पहिल्यांदा वाचली.

मशिनीत ते मीच घातलं होतं, आक्का. संक्रांतीच्या आधी, प्रांजल माहेरी होती तेव्हा. कबुतरांची घाण निघेना म्हणून गरम पाणी लावलं, वर सुकवायचं बटणही दाबलं. लेप सोलून निघाला. मी तो झाडून कचऱ्यात टाकला आणि कव्हर गुमान गाडीवर घालत राहिलो. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तू ओल्या हातांनी समोर उभी होतीस, आणि मी सुटलो. तुझे लाल डाग दोन दिवसांच्या उन्हात उडून गेले. लेप काही परत येत नाही. प्रांजलकडे मान वर करून बघायची मला लाज वाटते.

हे पत्र वाचून फाडून टाक. पण बारशाला ये.

पूर्वीइतकी नाही, तरी थोडी माया ठेव.
सूरज


म्हसवड
२ मार्च

चि. सूरज यास, अ. उ. आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहिते आहे. सातवीपर्यंतचं शिक्षण आज कामाला आलं. तुझं पत्र अपेक्षाला दाखवलं नाही. तुझी लाज माझ्या सुनेपुढं कशाला काढू?

कव्हर पाण्यात घालण्याआधी मी उलटं केलं होतं. आतून सोललेलं तेव्हाच दिसलं. तू ओरडलास तेव्हा सगळं समजलं, पण सासऱ्यासमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून गप्प राहिले. मागच्या पत्रात चूक माझी असं सांगितलं, कारण लिहिणारी सून होती. लाज मात्र खरीच वाटली. तू मला असं बोलू शकतोस, याची वाटली.

मला तू चारचौघांत बोललास आणि माफी पाकिटात घालून पाठवलीस. वर ती फाडून टाक म्हणतोस. मी फाडलेली नाही. बारशाला लालासाहेब असतील, तेच शेजारीही असतील. त्यांच्यासमोर सांग, मला सांगून काय उपयोग? मी दहा तारखेला येते आणि दाराशी थांबते. तू बोललास तर आत येऊन पोरीच्या कानात नाव सांगीन. नाही बोललास तर साडेचारची म्हसवड गाडी आहे.

माया आहे तेवढीच आहे, ती कमी व्हायची नाही.
तुझी, आक्का