खुर्चीमागचा फोटो

बास्तियांदादा,

तू फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालास, तेव्हा रिवाजाप्रमाणे तुझा फोटो मला गावच्या कचेरीत माझ्याच खुर्चीमागे लावावा लागला. गावचा महापौर मी, म्हणून लग्नंही मीच लावायची; पण लावायला उभा राहिलो की वऱ्हाड बघायचं तुझ्याकडे. आई रोज येऊन फोटो पुसायची. एकदा म्हटलं, "मीही इथेच बसतो गं." तर म्हणाली, "जरा सरक, काचेवर तुझी सावली पडतेय."

या निवडणुकीत तू हरलास. आज नव्या माणसाचा फोटो आला आणि तुझा मी अगदी खुशीत उतरवला. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत आई म्हणाली, "दमला असेल पोर. त्याला घरी बोलाव. तुझी खोली दे त्याला."

म्हणून हे पत्र लिहिलं. टपालात टाकणार नाही. टाकलं तर तू येशील.

तुझ्या फोटोपुढे बसणारा,
रेमों