वेशीबाहेरचे हौद

बर्मिंगहॅम

प्रिय बाबा,

गेल्या आठवड्यात आम्ही फ्रान्समधल्या एका लहानशा गावात गेलो होतो. तिथे पूर्वी पिढ्यान् पिढ्या कातडी कमावायचे. नदीकाठचे दगडी हौद त्यांनी अजून जपून ठेवलेत. गाइड बाई म्हणाल्या, "वास येतो म्हणून या लोकांना वेशीबाहेर ठेवायचे. माझे आजोबा त्यांच्यातलेच." किती अभिमानाने सांगितलं त्यांनी!

तुम्ही इकडे आला होतात, तेव्हा हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींना मी म्हणाले होते, "बाबा लेदर एक्सपोर्टमध्ये होते." तुम्ही तुमचे काळवंडलेले हात टेबलाखाली घेतलेत. मी ते पाहिलं होतं, बाबा.

त्या बाईंना मी म्हटलं, "माझे वडीलही हेच काम करायचे. आम्हीही वेशीबाहेरच राहायचो."

आमची राजश्री तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, आजोबाचा काम हा होता? तू मला कधीच का नाही सांगितला?"

मग तिथेच बसून मी तिला सगळं सांगितलं, मैत्रिणींशी खोटं बोलले तेसुद्धा.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्ही फोनवर म्हणाल, "जाऊ दे गं," आणि मला इतक्या सहज सुटायचं नाही. डिसेंबरमध्ये आम्ही दोघी येतोय. तुमच्यासमोर बसून सांगेन.

तुमची,
धम्मशीला