सामुद्रधुनी आणि बी विंगचा फ्यूज

चि. निहार यास घाटकोपरहून श्यामकाकाचे भरभरून आशीर्वाद.

पाण्यावर तब्येत कशी आहे? जेवण पोटभर मिळतं ना? इथे आम्ही सगळे ठणठणीत. तुझी आई मजेत आहे. माझं बीपी तेवढं (माणिककाकूच्या मते बातम्या बघून) वर आहे.

तिकडे लढाई पेटली आणि इकडे माझा भाव वधारला. पुतण्या तेलाच्या जहाजावर ऑफिसर, म्हणजे काकाला आखातातलं सगळं कळतं, असं आपल्या बी विंगने परस्पर ठरवून टाकलं. मीही नाही म्हटलं नाही (ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, कोणी कधी मत विचारलं नव्हतं). सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, की आपल्या सिलिंडरमधला बराचसा गॅस त्या होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेने येतो. जहाजांचा विमा महागलाय, कप्तान नांगर टाकून बसलेत, तेव्हा गॅस विसरा आणि इंडक्शन घ्या.

लोकांनी ऐकलं ना, रे. दोन दिवसांत बावीस घरांत इंडक्शनच्या शेगड्या आल्या, गॅसच्या माळ्यावर गेल्या. संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी एकदम कुकर चढवले, मीटररूममध्ये फट्कन आवाज झाला आणि अख्खी विंग अंधारात. चौथ्या मजल्यावरच्या शांताबाई (गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या) लिफ्टमध्ये अडकल्या. वायरमन येईपर्यंत पाऊण तास मी बाहेरून त्यांना धीर देत होतो. मध्येच आतून शांतपणे विचारतात, "श्यामकांत, माझा नांगर कधी उचलणार?"

शेवटी सगळ्यांचे अर्धेकच्चे भात तळमजल्यावरच्या शीतलकडे गेले. तिने माझं काहीएक ऐकलं नव्हतं, म्हणून तिच्या घरात गॅस पेटत होता. पॅसेजमध्ये पंगत बसली, सगळ्या भातांची मिळून एक खिचडी झाली, झकास झाली होती. मला मात्र सगळ्यांत शेवटी वाढलं.

तुझा,
श्यामकाका

ता. क. : दुकानदार शेगडी परत घेत नाही. जहाजावर लागत असेल तर कळव.

आणखी एक ता. क. : या पत्राबद्दल आईला काही कळवू नकोस. तू त्या भागापासून लांब, एका बंदरात सुखरूप आहेस, असं मी तिला रोज सांगतो. मग ती चार घास खाते. तू नक्की कुठे आहेस, मला काही ठाऊक नाही. मी सांगतो ते खरं असेल तर एक ओळ लिही. नसेल तर दोन लिही, एक तिला आणि एक मला.