फॅबियनच्या घरातलं चर्च

मॉसन लेक्स, ४ मार्च

ती. ॲग्नेसताईस,
सा. न. वि. वि.

अखेर घर घेतलं. घर म्हणजे चर्च! ॲडलेडजवळच्या टेकड्यांत इंग्रजांनी बांधलेलं जुनं पॅरिश चर्च. माणसं येईनाशी झाली, म्हणून चर्चच्या मंडळाने विकलं. दगडी भिंती, टोकदार कमानी, नकाशा थेट इंग्लंडहून आलेला. वेदीच्या जागी ब्रेंडाचं किचन होईल, बायकोचा हुकूम. हसू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
फॅबियन

क्लेटन, २० मार्च

चि. फॅबियनला,
अ. आ.

हसले, खोकला लागेपर्यंत हसले. वसईत रविवारची मिसा चुकवून क्रिकेट खेळणारा तू, आता देवळातच झोपणार!

फोटो पाहिले. छप्पर इतकं उतरतं, बर्फ घसरावा म्हणून. तिथे बर्फ पाहिलाय कुणी? मोठ्या खिडक्या दक्षिणेला, कारण इंग्लंडात ऊन दक्षिणेचं. आपल्या दक्षिण गोलार्धात येतं उत्तरेकडून. साहेबाने तिकडे बसून रेघा मारल्या आणि इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुडकुडली. त्यालाच भक्ती म्हणत असतील. हीटर घे, आणि वेदीवर बोंबील तळण्याआधी क्रूसाची खूण कर.

रागावलास तरी फोन कर,
ताई

टेकडीवरून, ९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

राहायला आलो तेव्हापासून समोरच्या जोनबाई दर रविवारी यायच्या आणि गुपचूप सोफ्यावर बसायच्या. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, नवऱ्याची शेवटची प्रार्थना, सगळं इथेच झालेलं. चर्च विकताना त्यांना कुणी विचारलंही नाही. ब्रेंडा चहा द्यायची, मी लॉन कापायला पळायचो.

परवा त्या गेल्या. त्यांची मुलगी विचारत होती, अंत्यविधी इथे करू का. मी नाही म्हणालो. फरशीला नुकतंच पॉलिश केलंय गं. ब्रेंडा बोलत नाहीये.

तू तरी बोल,
फॅबियन

क्लेटन, ११ जुलै

फॅबियन,

आशीर्वाद नंतर. बाई जन्मभर त्या थंडीत बसली. आता हीटर आलाय, तर तिला तासभर आत घे. पॉलिश पुन्हा होतं.

ताई

टेकडीवरून, १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घेतलं आत. शवपेटी फ्रिज आणि सोफ्याच्या मधे ठेवली. गावातली माणसं भिंतीला टेकून गायली. जाड, बेसूर आवाज, पण कमानीत असे घुमले की मी सिंकपाशी उभा राहून रडलो. ब्रेंडाने टी-टॉवेल दिला.

विधीला त्यांचे फादर आले होते. विक्रीवर सही करणारे तेच. निघताना सँडविच खात म्हणाले, नवा हॉल अगदी गोदामासारखा वाटतो, सप्टेंबरात एक लग्न आहे, तुमच्याकडे जमेल का? हे माझं घर आहे, असं ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं.

तोवर ब्रेंडाने तारीख विचारली होती.

येशील तेव्हा वेळ काढून ये,
फॅबियन