आण्णांची पेटी आणि माझी फाईल

५ नोव्हेंबर, बुधवार

पेटीवरून घरात परत वाजलं! सोळा तारखेला राजवीरसाठी स्थळाची माणसं घर बघायला येणार. आईचा एकच घोष — त्यांना बसवायचं कुठं? सोप्यातली (बाहेरच्या खोलीतली) अर्धी जागा आण्णांच्या स्पीकरच्या पेटीनं खाल्लीय. "हातकणंगल्याचं गणपतराव भजनी मंडळासाठी मागत्यात. द्या आणि सुटा! न्हाईतर मी त्यात कोंबड्या पाळते."

आण्णा : "पेटी जाईल तवा मी बी जाईन."

आई : "मग मोठा टेम्पो सांगू?"

माझा भाऊ असून राजवीर फिदीफिदी हसला. नालायक.

आण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, ऑर्केस्ट्रा होता तेव्हा त्यांनी ही पेटी स्वतः ठोकली. सागवानी, कपाटाएवढी, मागून उघडी. एकदा घरी कुणी नसताना मी तिला गिटार लावून बघितली होती. अंगावर काटा आला! एरवी माझं सगळं लॅपटॉप आणि हेडफोनवर. घरच्यांना नुसती तारांची टिकटिक ऐकू येते. आई म्हणते, "उंदीर लागलाय वाजवायला."

६ नोव्हेंबर

कामिलला सांगितलं. (आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, आणि कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा त्याचा समज आहे.) म्हणाला, "येडी हायस काय? पेटीचा आयआर काढू की!" म्हणजे पेटीतून एक सूर अगदी खालपासून अगदी वरपर्यंत चढवत न्यायचा, समोर माईक ठेवून रेकॉर्ड करायचा. मग कॉम्प्युटर त्यातनं पेटीचा स्वभाव तेवढा काढून घेतो. एवढीशी फाईल. तिच्यातून गिटार वाजवली की त्याच पेटीतून वाजल्यासारखी.

म्हणजे पेटी गेली तरी आवाज घरात! मी कसली हुशार!

७ नोव्हेंबर

आण्णांना समजावलं. पोट धरून हसले. "सागवान कॉम्प्युटरात घालणार? आणि वाळवी लागली म्हंजे?"

मग स्वतःच पैज लावली. "मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तीन डाव. कवा पेटी वाजली, कवा कॉम्प्युटर — वळखलं तर पेटी हलणार न्हाय. चुकलो तर जाऊ दे गणपतरावाकडं." आई साक्षीदार. तिचे डोळे असे चमकले की बास!

९ नोव्हेंबर, रविवार

अरे देवा.

सकाळी आईनं पेटीतली तिची बोचकी बाहेर काढली, कामिलनं माईक लावला. सूर सुरू — घुंऽऽऽ करत ईईईऽऽऽ पर्यंत. कामिल म्हणाला, फुल्ल आवाज पाहिजे. दिला फुल्ल. एकदा, दोनदा, तीनदा.

आमची गल्ली कळंबा जेलच्या मागं, आणि सूर थेट जेलच्या भोंग्यासारखा. तिसऱ्या वेळेला समोरच्या चिमणाबाई कडाडल्या — "कैदी पळाला गं बायांनो! दारं लावा!" धडाधड दारं! दूधवाला किटली टाकून आमच्याच न्हाणीत शिरला. आणि नेमका त्याच वेळी गल्लीत एक विम्याचा माणूस आला. राजवीरनं त्याला काठी रोखून धरलं. "पावणं, हात वर!" त्या बिचाऱ्यानं हात वर करूनच पॉलिसी सांगायला सुरुवात केली.

दोन वेळा चहा पाजला तेव्हा कुठं शांत झाला. चिमणाबाई अजून मानत नाहीत. म्हणतात, पळालाच हाय, लपवाय लागल्यात.

१० नोव्हेंबर

नऊ फाईली केल्या. नऊच्या नऊ पत्र्याचा डबा. आण्णा झोपेतसुद्धा ओळखतील.

१२ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! गूळ!!

पेटीत मागून डोकं घातलं तर पोत्यात गुंडाळलेल्या चार ढेपा. आई वर्षानुवर्षं गूळ तिथंच ठेवते. "कोरडी जागा हाय, मुंग्या शोधत न्हाईत." रविवारी तीच बोचकी बाहेर काढली होती आणि नंतर परत आत टाकली. म्हणजे आम्ही रेकॉर्ड केली रिकामी पेटी, आणि मला आवडली होती ती गूळ भरलेली!

संध्याकाळी गल्लीत घरोघरी जाऊन आधी सांगून आले — कैदी पळालेला नाही. मग गुळासकट रेकॉर्ड केलं. बसला! तोच आवाज — जाड, गोल, छातीत लागणारा. कामिलनं ढेपेला नमस्कार केला. फाईलीचं नाव : ढेप_४.

१४ नोव्हेंबर

खुश व्हायला पाहिजे. नाहीये.

ढेप_४ वाजवली तर आण्णा चुकणार. शंभर टक्के. आणि पेटी जाणार. म्हणजे पेटी घालवणार कोण? मी! काल आण्णा तिला फडक्यानं पुसत होते. कोपरे, खिळे, सगळं. मला ते बघवेना.

ठरलं. उद्या पैजेला गेल्या रविवारची पत्र्याची फाईल लावणार. ती बहिराही ओळखेल. आण्णा जिंकतील, पेटी राहील, स्थळाची माणसं बसू देत पेटीवर! फक्त कामिलला माहीत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिन्ही चुकले!! तिन्ही!

पहिला डाव — पत्र्याची फाईल. "पेटी," म्हणाले. दुसरा — खरी पेटी. "हा कॉम्प्युटर की!" तिसरा — परत पत्रा. छातीवर हात ठेवून, "ही माझी पेटी. शपथ घिऊन सांगतो." मी आणि कामिल एकमेकांकडं बघतच राहिलो.

आणि तीन डावांना सव्वा तास! प्रत्येक वेळी "अजून वाजव, नीट कळंना." आमच्या बँडची सगळी गाणी झाली. "हा धरायचा न्हाय, पयल्यापास्नं वाजव." अर्धवट पडलेलं माझं नवीन गाणंही वाजवलं. आमटी करपली तेव्हा आई उठली.

कान गेले का आण्णांचे? उद्याचं झालं की डॉक्टरकडं न्यायचं. एवढी सोपी करून दिली होती मी! राग आला, मग न्हाणीत जाऊन रडले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला टेम्पो आला. आकाराम म्हणून ड्रायव्हर. मी म्हटलं, एका रात्रीत बरा मिळाला टेम्पो. "रात्रीत कुठलं? सहा तारखेलाच आण्णांनी सोता फोन केलता की. सोळाला सकाळी ये म्हणून."

सहाला. पैज लागली सातला.

आण्णा पेटीला दोर बांधत होते. विचारलं, काल ओळखली नव्हती?

"पयल्याच तारेला वळखली."

मग ही सगळी सोंगं कशाला?

गाठ आवळत म्हणाले, "तीन वर्षं झाली, कान झाकून वाजवतीस. मला ऐकव म्हटलं असतं, तर वाजवलं असतंस व्हय?"

नसतं वाजवलं.