लेण्याखाली राहिलेल्या चपला

मंगळवार, जेवणं झाल्यावर

त्या बाईच्या चपला अजून माझ्या टपरीखालीच आहेत. वर लेण्यात देवी आहे, म्हणून लोक चपला माझ्याकडे ठेवून पायऱ्या चढतात. आता येतात कुठे म्हणा. वरचे दिवे फुटले, राखणदार गेला, कठडे भंगारात गेले, आणि तिथं पिणारे बसायला लागले. आज दुपारी त्यातल्याच दोघांनी सुरा दाखवून त्या बाईचं मंगळसूत्र ओढून नेलं. ती नवऱ्याबरोबर अनवाणीच खाली आली आणि तशीच गाडीत बसून आळेफाट्याकडे गेली. मी चपलांसाठी हाकसुद्धा मारली नाही. का नाही मारली?

पोलीस आला, चहा प्यायला. म्हणाला, "मावशी, आता वर कुनाला सोडत नका जाऊ." मी "बरं" म्हटलं. मग टपरी कशाला लावायची, हे विचारायचं राहिलंच.

रडू यायला हवं होतं. नाही आलं. चपलांवर फडकं टाकून घरी आले. आल्या आल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून पिठाच्या डब्यात ठेवलं. हे समोरच जेवत होते. माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघून म्हणाले, "बरं केलंस."