दाराला टेकलेली होडी

१४ मार्च, दुपार

चिरंजीव नातोबास,

अनेक आशीर्वाद. जपून वापर, परत कधी पाठवीन सांगता येत नाही.

तुला एक आजी होती, आठवतं का? आठवत नसेल तर खूण सांगते. डाव्या भुवईवर तीळ, तोंडात सहा दात आणि दारासमोर तुझी शिडाची होडी. "दोन महिने ठेवतो गं," म्हणाला होतास. त्या दोन महिन्यांना परवा दीड वर्ष झालं.

मला लिहिता येत नाही हेही विसरला असशील. हे पत्र शेजारचा वेल्डर लिहितोय. तो खिडकीबाहेर उपड्या बादलीवर, मी आत खाटेवर. बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं ठरलंय. शिव्या तेवढ्या तो गाळतो, त्यामुळे पत्र आखूड होईल.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकाला बढती मिळाली, पोटही त्या मानाने वाढलं. काकूला चष्मा लागला, आता तिला माझ्या चुका लांबूनही दिसतात. मी बरी आहे. खोलीत मोरी आहे, रेडिओ आहे, आणखी काय लागतं म्हातारीला.

आता होडीचं सांगते.

तू गेलास तो काकाशी भांडून गेलास. ट्रेलर मागच्या अंगणात घुसवलास, माझ्या दारासमोर आडवा लावलास आणि गाडी सोडवून निघालास. मी खिडकीतून बघत होते. होडीच्या पोटातला तो वर-खाली होणारा लोखंडी कणा तू तारेवर लटकताच ठेवलास. आजोबा शंभरदा सांगायचे तुला, "वजन कण्यावर. कणा खाली सोड, ट्रेलरच्या मधल्या फळीवर टेकव, मग तार सैल कर. बाजूचे टेकू नुसते खांद्याला हात लावल्यासारखे. तेही आत आडवी भिंत असेल तिथेच." चाळीस वर्षं होड्या बांधणाऱ्याची बायको आहे मी. वाचता येत नाही, पण होडीला कुठे दुखतंय ते कळतं. दिसलं, आणि तुला हाक मारली नाही. म्हटलं, रागात आहे, आठवड्यात थंड होऊन येईल. ही चूक निम्मी तुझी, निम्मी माझी.

दुसरी माझी एकटीची. वेल्डर म्हणतो, त्याचीही. "पण माझं नाव नका घालू, आजी." अरे, कधी घेतलं मी तुझं नाव?

एका टेकूचा खांब बरोबर माझ्या दाराच्या मधोमध आला. बाजूने मांजर जायचं, मी नाही. तू फोनवर विचारलंस, "अडचण नाही ना?" मी म्हटलं, "छे, अडचण कसली!" फोन काकाच्या हातात असतो, माझ्या फक्त कानाला लावतात.

तू म्हणशील, घरात जायला मधलं दार आहे की. आहे. त्याला नवा रंग दिलाय. छान दिसतं.

वेल्डरने लिहिणं थांबवलंय आणि माझ्याकडे बघतोय. बरं बाबा, लिही.

मधल्या दाराला सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुलूप असतं. किल्ली काकाच्या खिशात. एकदा माझ्या हातून गॅस चालू राहिला होता, तेव्हापासून. तो वाईट नाही रे. पाणी भरून ठेवतो, डबा ठेवतो, निघताना विचारतो, "आई, काही हवंय?" काय सांगू, किल्ली?

म्हणून वेल्डरला म्हटलं, खांब हातभर मागे घे. तो म्हणाला, "होडीला काही होणार नाही ना?" होणार हे मला ठाऊक होतं. हातभर मागे आत भिंत नाही, नुसतं पोकळ पोट आहे. आणि सगळं वजन तर टेकूंवरच. तरी मी म्हटलं, "होडीचं मला शिकवतोस?"

त्याने खांब सरकवला. अकरा दिवस मी बाहेर गेले. नऊला निघायचं, सहाच्या आत परत. नदीच्या पायऱ्यांपर्यंत जायचे. चपलेचा अंगठा तुटला इतकी चालले. कोपऱ्यावरचा चांभार शिवताना म्हणाला, "आजी, नव्याने राहायला आलात का?" बेचाळीस वर्षं राहतेय मी इथे.

बाराव्या दिवशी चपला घालत होते आणि बाहेर कर्रकन वाजलं. पोट आत गेलं, होडी कलली आणि तिचा काठ माझ्या दारावर येऊन टेकला. दार आतल्या बाजूला उघडतं. कडी लावलेली म्हणून होडी उभी आहे. वेल्डरने कणा उतरवायला दांडा फिरवून पाहिला. कणा वर-खाली होतो ती खाच दबलीय, कणा आवळून बसलाय, हलत नाही.

काका मागच्या अंगणात फिरकत नाही. सांगितलं तर ट्रेलर ओढून काढील आणि होडी पडेल. शिवाय माझे अकरा दिवस त्याला कळतील. मग या दारालाही कुलूप.

तर तू ये. रविवारी. दोन दणकट माणसं आणि जॅक आण. आधी कण्याखाली जाड लाकडं रच आणि वजन त्यांच्यावर घे. मगच खांब जागेवर ने. घाईघाईने आधी टेकू काढलास तर होडी माझ्या खाटेवर येईल. पोट दुरुस्त होईल, आजोबांनी याहून वाईट पोटं वर आणली होती. मग तिला घेऊन जा. आणि जाण्याआधी काकाशी किल्लीचं बोल. मी त्याची आई आहे, मला ते मागता येत नाही.

नाही आलास, तर ऐक. कडीला मी दोरी बांधलीय, दुसरं टोक मोरीत. सोमवारी सकाळी काका कामावर गेला की मोरीत उभी राहून ओढणार. होडी आत येईल, फुटेल, पण वाट होईल. तू आणि आजोबांनी दोन उन्हाळे घासलेली होडी आहे, मला माहीत आहे. ओढताना तिकडे बघणार नाही.

वेल्डर म्हणतोय, हे गाळू या, मुलगा घाबरेल. मी म्हटलं, शिव्या गाळ, हे ठेव.

कडीवर नजर ठेवून बसलेली,
तुझी आजी

ता. क. यायचं नसेल तर खायला पाठव. खिडकीच्या गजांतून आत येईल तेवढंच: केळी, उकडलेली अंडी. पार्सल सोमवारनंतर पोचणार असेल, तर मात्र कलिंगड पाठव. चांगलं मोठं.